सायकलच्या तारेएवढी शेवई

चिंचवडच्या गल्लीत त्या दुपारी एक नवरदेव सायकलवरून आला आणि मंजुळेच्या दारात आडवा झाला.

नवरदेव तरी कसला... खाकी पँट, फाटकी बाही, एक चप्पल पायात आणि दुसरी कुठे तरी मागच्या वळणावर. पण कपाळावरून दोन्ही गालांवर अशा लांबलचक, पांढऱ्या, नाजूक मुंडावळ्या लोंबत होत्या की समोरच्या ओट्यावरच्या म्हातारीने बसल्या जागी अक्षता चाचपायला सुरुवात केली.

मुंडावळ्या शेवयांच्या होत्या. साल पंचावन्न, महिना वैशाख, ऊन असं की डोक्यावर पापड ठेवला तर भाजून निघावा. मंजुळेने सकाळपासून पाटावर ओढलेल्या शेवया काठ्यांवर टाकून दोन बाजांच्या मध्ये टांगल्या होत्या. गल्लीला वळण होतं आणि सायकलला ब्रेक नव्हता. बाकी दोष कुणाचाच नव्हता.

"डोळं हायत का न्हाईत?" मंजुळा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हायत की," नवरदेव म्हणाला, "फक्त आत्ता समोर पडदा हाय."

"पडदा न्हवं, सकाळपासनंची मेहनत हाय ती! हलू नका. हललात तर तुटतील."

तो हलला नाही. पाय सायकलखाली, कोपर खरचटलेलं, पण श्वाससुद्धा बेताने घेत होता. मंजुळा वाकली आणि एकेक शेवई त्याच्या केसांतून, कानावरून, मिशीच्या टोकावरून सोडवू लागली. शेवया सगळ्या मिळून एकवीस. जिच्या हाताची चपळाई अख्ख्या पवनेकाठी कुणाला नव्हती, तिला एकवीस शेवया सोडवायला पाऊण तास लागला. का लागला, ते तिलाच विचारा. मध्ये एकदा तिची करंगळी त्याच्या भुवईला लागली — आणि दोघांनीही एकदम आभाळाकडे बघितलं. आभाळात काहीही नव्हतं.

"नाव काय म्हनायचं?" शेवटची शेवई सोडवताना तिने विचारलं.

"ज्योतीराम. गाव पन्हाळ्याकडं. हितं पिंपरीला लायनीपलीकडं नवा कारखाना झालाय न्हवं, सायकलच्या चाकाच्या तारा करायचा? तिथल्या बंगल्यावर खानसामा हाय."

"खानसामा?" तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आन् एवढ्या घाईनं कुठं निघाला होता? डाळ लागली खाली?"

"डाळ कसली... नोकरी लागायला लागलीय खाली."

आणि हे अगदी खरं होतं. ज्योतीराम आला होता कारखान्यात काम मागायला. फाटकावर रांग एवढी लांब की तिचं शेपूट आकुर्डीच्या खंडोबापाशी होतं. मॅनेजर नानासाहेबांनी बाहेर येऊन विचारलं, "परदेशी साहेबाचा स्वयंपाक कुणाला येतो का?" रांगेत अडीचशे माणसं होती, त्यांतला एकच ‘व्हय’ म्हणाला. कोल्हापुरात गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर होतो, म्हणाला. होताच तो — रोज सकाळी, दुधाची चरवी घेऊन, मागच्या दाराशी.

साहेब आला थेट इटलीहून, तारा ओढायचं यंत्र बसवायला. त्याचं नाव रेनातो. पिंपरीत आठवड्याभरात त्याचा ‘रेनातात्या’ झाला. इंग्रजी येत होतं ते फक्त यंत्राचं — नट, बोल्ट, ग्रीस, बेल्ट. भूक लागली की तो आपल्या भाषेत शिरायचा आणि एकच शब्द म्हणायचा, ‘पास्ता’. ज्योतीरामाला ऐकू यायचं ‘नाश्ता’. सकाळी पास्ता म्हटलं की पोहे, दुपारी पास्ता म्हटलं की उपीट, संध्याकाळी पास्ता म्हटलं की थालीपीठ. साहेब जितका जोरात ओरडे, तितका नाश्ता मोठा होई. एकोणिसाव्या दिवशी साहेबाची पँट इतकी ढिली झाली की त्याने यंत्राचा पट्टा काढून कमरेला बांधला. यंत्र थांबलं ते त्यामुळे, असं अजूनही बरेच लोक सांगतात.

"शनवारी मुंबईचे शेठ यंत्र बघायला यायचेत," ज्योतीराम तिला सांगत होता. "आन् साहेब म्हनतोय, माझ्या घरचं जेवन मिळाल्याबिगर यंत्राला हात लावत न्हाई, शनवारच्या गाडीनं चाललो. नानासाहेब मला म्हनले — साहेब पुढच्या डब्यात बसला की मागच्या डब्यात तू."

"मग त्याच्या घरचं जेवन म्हंजी काय, इचारलं न्हाई?"

"चित्र काढून दिलंय की." त्याने खिशातून कागद काढला. त्यावर एक ताटली होती, आणि ताटलीत नुसत्या रेघा. लांब लांब, एकमेकींत गुंतलेल्या. "तीन दिस झालं हिंडतोय. वाण्याला दावलं तर त्यानं सुतळी दिली. दुसऱ्या वाण्यानं केरसुनी दिली."

मंजुळेने कागद बघितला. मग हातातल्या शेवया बघितल्या. मग त्याच्याकडे असं बघितलं, की त्याला पोहे-उपीट-थालीपीठ सगळं एकदम आठवलं आणि लाज वाटली.

"अहो खानसामे... या शेवया हायत!"

त्या संध्याकाळी ज्योतीरामाने शेवयांची खीर केली. दूध आटवून, गूळ घालून, वर वेलदोडा. साहेबाने ताटलीत शेवया बघितल्या आणि त्याचे डोळे भरून आले. त्याने मोठा घास घेतला... आणि मग आईचं नाव घेऊन असा हंबरडा फोडला की नदीपलीकडून काळेवाडीच्या बैलांनी उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा मंजुळेच्या दारात. या वेळी सायकल हातात धरून, जपून.

"तुमच्या शेवयांनी साहेब रडला."

"चांगल्या झाल्या म्हनून?"

"गोड झाल्या म्हनून."

"मग शेवया काय लसनाची फोडनी देऊन करत्यात का कुठं?" ती खळखळून हसली आणि आत वळून हाक मारली, "बाबा, ओ बाबा! तुमी इटलीला होता न्हवं?"

मंजुळेचे वडील हिंदुराव मोठ्या लढाईत पलटणीबरोबर इटलीला गेले होते, यात शंका नाही. फक्त बोटीतून उतरल्याबरोबर त्यांना गालफुगी झाली आणि ती बरी होईपर्यंत लढाई संपली. पण परत आल्यावर त्यांनी चिंचवडच्या पारावर इटलीतली एकेक टेकडी इतक्या वेळा जिंकली होती, की आता ती भाषा येत नाही म्हणायची सोय राहिली नव्हती.

"इटालियन ना? आपल्या घरचीच भाषा," हिंदुराव फेटा बांधत म्हणाले. "चल."

ताकाचा तांब्या घेऊन मंजुळाही निघाली. बंगला दोन मैलांवर, वाटेत विहिरी तीन. पण बाबांना तहान लागली तर? मुलीची माया असते.

बंगल्यावर हिंदुरावांनी खाडकन सलाम ठोकला आणि म्हणाले, "ब्वोनो!" झालं. आपल्या मुलुखाचा शब्द ऐकताच रेनातात्याचा बांध फुटला. दहा मिनिटं तो बोलत होता, हात हलवत होता. हिंदुराव मान डोलवत होते. शेवटी साहेब थांबला आणि शाळेतल्या मास्तरासारखा एकेक शब्द सुटा करून म्हणाला,

"आल्यो! ए... ओल्यो!"

"काय म्हनतोय?" ज्योतीरामाने हळूच विचारलं.

हिंदुरावांनी मिशीवरून हात फिरवला. "सोपं हाय. म्हनतोय — आलो. ए, ओलो."

"म्हंजे?"

"म्हंजी आलो, पन ओला झालो."

"एवढ्या उनात?"

"घामानं रं! जा, टावेल आन."

टॉवेल आला. साहेबाने टॉवेलकडे बघितलं आणि दुप्पट मोठ्याने ओरडला, "आल्यो ए ओल्यो!" दुसरा टॉवेल आला. तिसऱ्या वेळी हिंदुराव म्हणाले, "लईच भिजलाय, घोंगडं आन."

साहेब घोंगडं अंगावर घेऊन भर वैशाखात बसला होता आणि मंजुळा मात्र त्याच्या डोळ्यांकडे बघत होती. तो ‘आल्यो’ म्हणताना दर वेळी स्वयंपाकघरातल्या खुंटीकडे बघत होता. खुंटीला लसणाची माळ. ती उठली, एक गड्डी तोडली आणि त्याच्यासमोर धरली.

"आल्यो?"

साहेब घोंगड्यासकट उभा राहिला. तिने फडताळातून शेंगदाण्याच्या तेलाची बुधली काढली.

"ओल्यो?"

साहेबाने लसणाच्या गड्डीचा मुका घेतला. मग बुधलीचा घेतला. मग हिंदुरावांचे दोन्ही गालांवर दोन घेतले. पलटणीत असं कधी झालं नव्हतं. हिंदुराव इतके भारावले की मुलीला न विचारताच छातीवर हात मारून म्हणाले, "शनवारी पोरगी करून देईल! हिंदुरावाचा शब्द हाय!" आणि गाल पुसत बंगल्यावरच्या माळीणबाईंच्या नवऱ्याला ही हकिकत सांगायला बाहेर गेले.

खरी पंचाईत त्यानंतर झाली.

साहेबाने मंजुळेची एक शेवई उचलली. खिशातून मायक्रोमीटर काढला. शेवईला लावला, बघितलं आणि मान हलवली. मग टेबलावरून सायकलच्या चाकाची एक तार घेतली, तीही मोजली आणि मंजुळेसमोर धरली. दोन बोटं वर केली — दोन मिलिमीटर. कारखान्याच्या भाषेत अर्ध्या सुताहून किंचित जास्त.

"येवढी जाड?" मंजुळेचा चेहरा लाल झाला. "ही शेवई हाय का सुंभ?"

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. त्या काळी मुलगी बघायला आले की नाक-डोळे नंतर, आधी शेवई. शेवई जितकी बारीक, तितका हात हलका, तितकी मुलगी गुणाची. मंजुळेची शेवई सुईत ओवता यायची. चिंचवडच्या एका शिंप्याने त्या शेवईने सदरा शिवला होता. पहिल्या धुण्याला त्याचं पिठलं झालं, ही गोष्ट वेगळी. आणि येत्या शुक्रवारी कुरुळीच्या रुक्मिणीबाई, कांद्याच्या मोठ्या बागाईतदारीण, आपल्या मुलासाठी मंजुळेची शेवई बघायला येणार होत्या. शनिवारच्या ताटासाठी शुक्रवारीच शेवया वाळत घालायला हव्यात. शुक्रवारी, त्याच गल्लीत, त्याच काठ्यांवर.

यातलं ज्योतीरामाला काही ठाऊक नव्हतं. पण तिचा चेहरा त्याला वाचता आला.

"राहू द्या," तो म्हणाला. "तुमच्या हाताला कमीपना येईल असं नको. मी नानासाहेबांना सांगतो."

"काय सांगता?"

"खरं. मला काय सुदिक येत न्हाई म्हनून. दूध घालायचो मी... सैपाक कवा केलाय?"

"ते मला कळलंच हुतं," मंजुळा म्हणाली.

"कवा?"

"खानसाम्याच्या मिशीत शेवई अडकली, आन् तो म्हनतोय पडदा हाय. तवाच." ती हसणार होती, पण हसली नाही. "आन् मग? खरं सांगून... कुठं जानार?"

"पन्हाळ्याकडं."

"लांब हाय?"

"लई."

तिने तेलाच्या बुधलीचं बूच काढलं, परत लावलं. परत काढलं. बाहेर हिंदुराव एक टेकडी जिंकत होते.

"ती तार द्या हिकडं," ती म्हणाली.

"कशाला?"

"मापाला. आन् बन्सी गव्हाचा रवा लागंल, चांगला दानेदार. आनून टाका. असं बघत काय बसलाय?"

शुक्रवारी पहाटेपासून मंजुळेने कणीक तिंबली, तासाभराने पाट मांडला आणि आयुष्यात पहिल्यांदा हात जड केला. बारीक शेवई ओढायला कसब लागतं. जाड, आणि सगळीकडे सारखी जाड ओढायला दुप्पट लागतं, हे तिला त्या दिवशी कळलं. पहाटेच रवा टाकायला आलेला ज्योतीराम तिथेच ओट्यावर बसला. ती शेवई काठीवर टाके, तो तारेला लावून बघे.

"ही जरा बारीक."

"सवय हाय हाताला."

"ही जाड."

"तुमी बोलला म्हनून हात हलला."

"मग बोलू नको?"

"...बोला. मोजताना बोलू नका."

सूर्य माथ्यावर येईपर्यंत दोनशे शेवया टांगून झाल्या. तोवर ज्योतीरामाची तार बाजूला पडली होती. नुसत्या चिमटीत धरून तो सांगत होता, ही बसली, ही नाही. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बैलगाडी थांबली. नऊवारी, नाकात नथ, मागे दोन जावा — रुक्मिणीबाई.

हिंदुराव सदरा घालत बाहेर आले. "या, या! बसा. शेवया बघा आमच्या पोरीच्या—"

आणि त्यांनी स्वतःच त्या बघितल्या. वाक्य तिथेच राहिलं.

रुक्मिणीबाईंनी एक शेवई उचलली. उन्हात धरली. दोन्ही हातांनी ओढून बघितली.

"हिंदुराव, ह्या शेवया हायत का चऱ्हाटं? आमच्याकडं बैल बांधायला येगळं दावं असतंय."

जावा पदर तोंडाला लावून हसल्या. ज्योतीरामाच्या एव्हाना सगळं ध्यानात आलं होतं. तो पुढे झाला, "बाई, त्या माझ्यापायी—" पण मंजुळेने त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि तो परत ओट्यावर बसला.

आत फडताळात पितळी डबा होता. डब्यात केसासारख्या शेवया होत्या, सुईत ओवायच्या. उठून तो डबा आणायला चार पावलं पुरे होती. हिंदुराव डोळ्यांनी खुणावत होते, आण, आण! मंजुळा खाली मान घालून पाटाजवळ बसून राहिली. पदराच्या टोकाला एक गाठ मारली, सोडली. डबा काही आणला नाही.

"मुलगी गुणाची असंल," रुक्मिणीबाई गाडीत बसता बसता म्हणाल्या, "पन हात जड हाय."

गाडी वळणाआड गेली तेव्हा हिंदुरावांच्या तोंडून इटालियन, इंग्रजी, मराठी काहीच फुटत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "डबा का न्हाई दावलास?"

मंजुळा काठ्यांकडे वळली. शेवया सोडवण्यात ती फार गढून गेली होती.

"शब्द दिलाय म्हनून उद्या जा बंगल्यावर. माळीनबाईंजवळ थांब आन् सरळ घरी ये. मी येत न्हाई." आणि ज्योतीरामाकडे न बघता, "आन् ह्यांना म्हनावं, उठा."

शनिवारी सकाळी मंजुळा घरातलं मोठं पितळी पातेलं घेऊन आली, कारण बंगल्यावर होती ती भांडी नाश्त्याच्या मापाची. पातेल्यात पाणी उकळलं, मीठ पडलं, शेवया पडल्या. रेनातात्या बाह्या सरसावून उभा. लसणाच्या पाकळ्यांच्या त्याने कागदासारख्या पातळ चकत्या केल्या आणि कोमट तेलात सोडल्या.

ज्योतीरामाने सवयीने लाकडं पुढे सारली. जाळ भडकला.

"नो, नो, नो!" साहेबाने कपाळावर हात मारला.

"हळू की," मंजुळेने लाकूड मागे ओढलं. "लसूण करपवायचा न्हाई. नुसता सोनेरी व्हायला पायजे. एवढी घाई कशाची?"

"घाई न्हाई. भ्या वाटतंय."

"कशाचं?"

"काल तुमी डबा आनला न्हाई. का आनला न्हाई... ते इचारायचं भ्या."

तिने झाऱ्याने लसूण हलवला. एकदा. दोनदा. "मिरच्या टाका," ती म्हणाली, "न्हाईतर करपंल." त्याने दोन लाल संकेश्वरी मिरच्या तोडून टाकल्या आणि दोघांनाही एकदम ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. ते मिरचीचंच होतं, असं धरून चालू.

साहेबाने पातेल्यातून एक शेवई काढून तिला दिली आणि आपल्या दातावर टिचकी मारली. "आल देंते!"

"दंत म्हनतोय!" मंजुळा हरखली. "दाताला लागली पायजे. लापशी न्हाई व्हायची." अर्धी तिने चावून बघितली. उरलेली अर्धी... तिच्या हातातच राहिली. ज्योतीरामाने ती घेतली आणि खाल्ली. माळीणबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

शेवया तेलात पडल्या, आणि तो वास सुटला! खोटं सांगत नाही, लोणावळ्याची गाडी त्या दिवशी चिंचवड स्टेशनात आठ मिनिटं जास्त थांबली. ड्रायव्हर म्हणाला, सिग्नल पडला नव्हता. सिग्नलवाला म्हणाला, मी पाडणार होतो, पण मग वास गेला असता.

रेनातात्याने चार ताटल्या खाल्ल्या. कमरेचा पट्टा सोडला, यंत्राला चढवला आणि कळ दाबली. यंत्र गरगरलं आणि पलीकडून लखलखीत, सरळ तारा बाहेर पडू लागल्या. मुंबईहून आलेल्या शेठजींनी एक ताटली चवीपुरती मागितली आणि तीन संपवल्या.

"नानासाहेब," ते ओठ पुसत म्हणाले, "हा खानसामा आजच मुंबईला पाठवून द्या. आमच्या बंगल्यावर परदेशी पाहुणे असतात. पगार दुप्पट."

"अवश्य, अवश्य!" नानासाहेब म्हणाले. "ज्योतीराम, नशीब काढलंस बघ."

स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण खाली पडलं. खण्णकन.

ज्योतीरामाने त्या आवाजाकडे बघितलं. मग शेठजींकडे.

"न्हाई जमायचं, साहेब."

"का रे?"

"मी खानसामा न्हाई."

"मग कोण आहेस?"

"गवळी." एकदा सुरू झाल्यावर त्याने थांबायचं नाव घेतलं नाही. "कोल्हापुरात दूध घालायचो. नानासाहेबांस्नी खोटं बोललो. ह्या शेवया चिंचवडच्या मंजुळाबाईंच्या हातच्या. लसूणबी त्यांनी वळखला, तेलबी त्यांनीच. माझ्यापायी त्यांचं जमत आलेलं लगीन मोडलं. मी काय केलं म्हनाल तर लाकडं पुढं सारली, आन् तीबी चुकीची."

नानासाहेब लाल झाले, मग जांभळे झाले. साहेबाने विचारलं, काय झालं? नानासाहेबांनी त्याला कळेल अशा यंत्राच्या इंग्रजीत सांगितलं, "कुक नॉट ओरिजिनल. कुक डुप्लिकेट!"

रेनातात्या ज्योतीरामाकडे बघत राहिला. मग त्याने ताटलीतली उरलेली एक शेवई उचलली, नानासाहेबांच्या नाकासमोर धरली आणि खुणेनेच विचारलं, ही कुणी मोजली? ज्योतीरामाने स्वतःकडे बोट दाखवलं. साहेबाने नुकत्याच निघालेल्या तारांची मूठ त्याच्या हातात दिली. ज्योतीरामाने एकेक तार चिमटीत धरली... ही बसली, ही बसली, ही नाही. साहेबाने ती ‘नाही’ मायक्रोमीटरला लावली. मापापेक्षा केसभर जाड निघाली.

"माय मॅन," साहेब म्हणाला. "मशीन. नो किचन!"

शेठजी हसले. शेठजी हसले म्हटल्यावर नानासाहेबांनाही हसावं लागलं. "सोमवारपासून पहिल्या शिफ्टला ये," ते म्हणाले. "आणि यापुढे ‘व्हय’ म्हणण्याआधी विचार करत जा."

उन्हं उतरताना ज्योतीराम आणि मंजुळा चिंचवडच्या वाटेला लागली. सांगायला माळीणबाई सोबत होत्या, पण शहाणी बाई. पन्नास पावलं मागून चालत होती. मंजुळेच्या हातात ते मोठं पातेलं होतं.

"मुंबईला का न्हाई गेला?" तिने विचारलं. "दुप्पट पगार हुता."

"लांब हाय."

"पन्हाळ्याएवढं?"

"लईच लांब. तिथनं तुमचं दार दिसत न्हाई."

तिने पातेलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"माझं आता कोन करनार?" ती म्हणाली. "हात जड म्हनून नाव झालंय. कुरुळीपासनं चाकणपतोर कळलं असंल."

"मी करनार की," ज्योतीराम म्हणाला, आणि स्वतःच इतका दचकला की जागीच थांबला. "म्हंजे... तुमी व्हय म्हनला तर. इचार करून म्हना. मी एकदा बिनइचारानं व्हय म्हनलो, तर बघा काय झालं ते."

"काय झालं?"

"...सगळं चांगलंच झालं."

ती हसली. पातेल्याला दोन बाजूंना दोन कड्या होत्या; त्यांतली एक तिने त्याच्यापुढे केली. "जड हाय," म्हणाली. "धरा."

पातेलं रिकामं होतं. त्याने कडी धरली.

आता हे आज कुणाला काही वाटायचं नाही. पण त्या काळी चिंचवडच्या बाजारातून, भर उजेडात, एका पातेल्याच्या दोन कड्या धरून एक मुलगा आणि एक मुलगी चालत गेली, म्हणजे पत्रिका छापून वाटल्यासारखंच झालं. वाणी तागडी हातात धरून उभा राहिला. शिंप्याने सदऱ्याला तिसरी बाही जोडली. दोघांनी ना पाऊल उचललं झपझप, ना कडी सोडली.

बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. तिघांनी येऊन तीन तऱ्हांनी सांगितली होती. हिंदुराव दारात उभे होते, फेटा बांधून, छाती काढून.

दोघं समोर थांबली. मध्ये पातेलं.

"खाली ठेवा ते," हिंदुराव म्हणाले.

मंजुळेने कडी घट्ट धरली. ज्योतीरामाने त्याहून घट्ट.

"ठेवा म्हनतो ना!"

"न्हाई, बाबा," मंजुळा म्हणाली. आवाज बारीक होता, पण तुटला नाही.

हिंदुरावांनी लेकीकडे बघितलं. मग त्या परक्या मुलुखातल्या पोराकडे. मग गल्लीकडे — तिथे एव्हाना निम्मं चिंचवड जमलं होतं. त्यांनी एक मोठा श्वास सोडला.

"अगं ठेव की, बये! येवढी मानसं जमलीत दारात, सगळ्यांचा च्या टाकायचा तर घरात मोठं पातेलं तेवढंच हाय... आन् जावईबापू, तुमी उनात का उभं? आत या."